शमशाबाद ते उदगीर: चाचांची गाडी

माझं माहेर उदगीर. संसार जर्मनीत, फ्रँकफर्टपासून रेल्वेनं अर्ध्या तासावर. बारा वर्षांत सात वेळा गावी आले, त्यातल्या सहा वेळा मुंबईमार्गे. आमच्याकडं परदेश म्हटलं की मुंबई, हे इतकं पक्कं बसलंय की नकाशा उघडून बघायचं कुणाला सुचतच नाही. मुंबईहून उदगीर साडेपाचशे किलोमीटरच्या घरात. हैदराबादचा शमशाबाद विमानतळ अडीचशेच्या आसपास. माझी आजी निजामाच्या राज्यात जन्मलेली, तिच्यासाठी मोठं शहर म्हणजे हैदराबादच. बाजारहाट, दवाखाना, कोर्ट, सगळं तिकडं. आमच्या पिढीनं तोंड मुंबईकडं केलं आणि तो रस्ता विसरलो.

हे मला उशिरा कळलं, म्हणून लिहिते आहे.

२०२२ च्या ऑक्टोबरात बाबांना लातूरला दवाखान्यात ठेवलं होतं. मिळेल ते तिकीट काढून मी मुंबईला निघाले. संध्याकाळी पाचला उतरायचं विमान साडेसातला उतरलं. दोन बॅगांपैकी एक आलीच नाही, तिचा कागद भरण्यात पाऊण तास गेला. लातूरची गाडी रात्री नऊला सीएसएमटीहून सुटते. मी टॅक्सीत सायनला असताना ती गेली. मग तीच टॅक्सी लातूरला वळवली आणि रात्रभर बसून राहिले. भाऊ फोनवर सांगत होता, बाबा बोलतायत, तुझं नाव घेतायत. पहाटे पाचपर्यंत ते बोलत होते. मी साडेआठला पोचले तेव्हा त्यांच्या घशात नळी घातलेली होती. पुढं सहा दिवस ते होते, पण त्यांचा आवाज मला ऐकायला मिळाला नाही. साडेतीन तासांनी चुकामूक झाली. हैदराबादला उतरले असते तर, हा हिशोब मी कितीतरी रात्री मांडला आहे.

फ्रँकफर्टहून हैदराबादला थेट विमान जानेवारी २०२४ मध्ये लुफ्थान्सानं सुरू केलं. सव्वाआठ-साडेआठ तासांचा प्रवास, मध्ये कुठं उतरणं नाही. रोज मिळेल असं धरू नका, वार बघून तारीख ठरवा. तुम्ही दुसऱ्या देशात असाल तर दुबई, दोहा, अबुधाबीहूनही हैदराबादला विमानं येतात. तिकीट काढताना एक गोष्ट नक्की बघा. भारतात पहिल्यांदा जिथं उतराल तिथंच सामान ताब्यात घेऊन कस्टममधून जावं लागतं. म्हणजे मुंबईत उतरून पुढं हैदराबादचं विमान धरलं तर मुंबईतच पट्ट्यावरून बॅगा उचला, बाहेर या, परत जमा करा. दुबईवरून सरळ हैदराबादला आलात तर हा व्याप वाचतो. लहान मूल सोबत असेल तर याचं मोल कळतं.

पण मला खरं लिहायचंय ते चाचांच्या गाडीबद्दल.

चाचा उदगीरचे, साठीच्या आसपासचे, स्वतःची अर्टिगा आहे. शमशाबादच्या खेपा ते कितीतरी वर्षं करतात. आखातात कामाला गेलेली आमच्या भागातली पोरं, हज-उमराहला निघालेली म्हातारी माणसं, हे त्यांचं नेहमीचं गिऱ्हाईक. भावानं त्यांचा नंबर दिला तेव्हा मी फोनवर शंभर प्रश्न विचारले. त्यांनी मला एकच विचारला, "अक्का, सोबत किती बॅगा हायत?" चार म्हटल्यावर म्हणाले, "मग मागची शीट पाडून येतो."

२०२४ च्या डिसेंबरात, येळवशीच्या, म्हणजे शेतात साजऱ्या होणाऱ्या वेळ अमावस्येच्या, दोन दिवस आधी, मी आणि माझा सहा वर्षांचा मुलगा रात्री एकच्या सुमारास उतरलो. बाहेर यायला दोन वाजले. दारात पाट्या घेतलेली माणसं उभी होती, बहुतेक पाट्या इंग्रजीत. एका पुठ्ठ्यावर निळ्या स्केचपेननं देवनागरीत 'उदगीर' एवढंच लिहिलं होतं. माझं नाव नाही, फक्त गाव. मी तिथंच ट्रॉली थांबवली. चाचांनी काही न बोलता पोराच्या अंगावर शाल टाकली आणि ट्रॉली हातात घेतली.

गाडीत आईनं पाठवलेला डबा होता. पितळी कडीचा, जुन्या इरकली लुगड्याच्या फडक्यात बांधलेला. आत धपाटे, कुटलेली शेंगाची चटणी आणि वेगळ्या डबीत घट्ट दही. चाचा दुपारी निघताना आमच्या घरी जाऊन तो घेऊन आले होते आणि दही आंबू नये म्हणून वाटेत बर्फाची पिशवी घेतली होती. कुणी त्यांना सांगितलं नव्हतं. पोरानं जर्मनीत कधी हातात न धरलेला धपाटा झोपेतच खाल्ला आणि परत मागितला.

रस्ता असा: शमशाबादहून बाहेरच्या रिंग रोडनं पाटणचेरूकडं, तिथून पुण्याचा हायवे धरून संगारेड्डी, झहीराबाद, मग उजवीकडं बीदर, आणि बीदरहून कमलनगर करत उदगीर. एका रात्रीत तीन राज्यं. दुकानांवरच्या पाट्या आधी तेलुगूत, मग कन्नडात. बीदरला माती लाल दिसते, ती हेडलाइटच्या उजेडातही कळते. कमलनगर मागं पडलं आणि पहिली मराठी पाटी आली, खताच्या दुकानाची. मी पोराला उठवून ती वाचून दाखवली.

झहीराबादच्या पुढं धुकं इतकं दाटलं की चाचांनी गाडी एका ढाब्यावर घेतली आणि चाळीस मिनिटं थांबवली. मी घाईत होते, म्हटलं हळू हळू जाऊ. ते म्हणाले, "नाय अक्का. तुमची माय वाट बघाललीय. उशिरा बघंल, पण बघंल." मग मी बोलले नाही. रात्रीच्या गाडीवाल्याला मी नेहमी विचारते की झोप झाली का, कारण विमानाइतकी काळजी मला या शेवटच्या रस्त्याची असते. चाचा संध्याकाळी सातलाच शमशाबादला पोचून पार्किंगमध्ये पाच तास झोपले होते. तुम्ही कुठलाही गाडीवाला ठरवा, हे त्याला आधी सांगा आणि त्या थांबण्याचे पैसे द्या. मी टोल, पार्किंग धरून साडेसात हजार दिले. जायच्या-यायच्या दोन्ही बाजूंचं डिझेल त्यातच असतं, हे लक्षात घेतलं तर ते जास्त नाहीत.

आता जे पटलं नाही तेही सांगते. मागच्या सीटचे पट्टे कव्हरखाली दडपलेले होते. कुणी मागतच नाही म्हणून तसेच राहिले होते. मी हट्ट धरला तेव्हा चाचांनी पार्किंगमध्येच कव्हर सोडवलं, त्यात वीस मिनिटं गेली. मूल असेल तर आदल्या दिवशीच सांगून ठेवा. आणि गाडी चालवताना त्यांचा फोन दोनदा वाजला, दोन्ही वेळा त्यांनी घेतला. दुसऱ्यांदा मी स्पष्ट सांगितलं. त्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि पुढचे सगळे फोन मीच घेतले, त्यातले दोन माझ्या आईचेच होते.

गाडीचे पैसे जड वाटत असतील तर विमानतळावरून पुष्पक बसनं शहरात जाता येतं. तिथून इमलीबनच्या मोठ्या बसस्थानकावर गेलात की उदगीर, लातूर, नांदेडच्या एसट्या मिळतात. एकट्या, एका बॅगेच्या माणसाला ते जमेल. मध्यरात्री चार बॅगा आणि पेंगणारं पोर घेऊन नाही.

नांदेड, परभणी, जालन्याच्या लोकांना मुंबई सोडा असं मी म्हणणार नाही. मुंबईची वंदे भारत ऑगस्ट २०२५ पासून नांदेडपर्यंत येते, आणि संभाजीनगरला विमानच उतरतं. माझं म्हणणं उदगीर, देवणी, देगलूर, निलंगा या पट्ट्यापुरतं आहे. आमच्यासाठी शमशाबाद हेच जवळचं दार आहे.

सकाळी सातला घरी पोचलो. आई पहाटे चारपासून ओट्यावर बसलेली, डोक्यावरून स्वेटर आणि वर पदर. "आलीस का माय," एवढंच म्हणाली आणि पोराचे पाय हातानं चोळायला लागली. चाचांना चहा ठेवला तर त्यांनी उभ्या उभ्या घेतला. येळवशीला आम्ही सगळे शेतात गेलो. कडब्याची कोप, पांडवांची पूजा, भज्जी म्हणजे सगळ्या भाज्यांची मिसळ, ज्वारीचे उंडे, आणि बाबा नसल्यानं आंबिलाचं बिंदगं, म्हणजे मडकं, भावाच्या डोक्यावर. पोरानं आंबील तीन वेळा घेतली. दोन दिवस आधी पोचले म्हणून आईसोबत भज्जीची भाजी निवडायला बसता आलं. मुंबईमार्गे आले असते तर अंगदुखीत तेच दोन दिवस गेले असते.

परतीच्या बॅगेबद्दल थोडं. युरोपात दूध-दुभत्याचे पदार्थ आणि मांस बाहेरून नेता येत नाही, त्यामुळं तूप, पेढे, खवा घरीच ठेवा. आई रुसते, तरी ठेवा. येसर म्हणजे मसाल्याचं पीठ, ज्वारीचं पीठ, चटणी मी नेलं, सगळं मोठ्या बॅगेत. लोणच्याची बरणी हातातल्या पिशवीत ठेवली तर तपासणीत काढून घेतात, कारण तिथं शंभर मिलीच्या वर पातळ चालत नाही. जाताना चाचांनी बॅगा भावाच्या वजनकाट्यावर, म्हणजे शेतातल्या तुरीच्या काट्यावर, आधीच तोलून घेतल्या. एक बॅग दीड किलोनं जास्त भरली, ती घरीच उघडली. विमानतळावर जमिनीवर बॅग पसरून बसायची वेळ आली नाही.

त्यांचा नंबर इथं देत नाही, त्यांना विचारलेलं नाही. उदगीरला बसस्टँडसमोर गाड्या लागतात, तिथं शमशाबादच्या खेपा करणारे चाचा म्हणून विचारा.

या डिसेंबरचं तिकीट काढलं आहे. परवा चाचांना फोन करून तारीख सांगितली, विमान रात्री एकला, बॅगा तीन, आणि पट्टे. "हाव अक्का," ते म्हणाले, "शीट कव्हर तव्हाच काडून टाकलो."