‘सोमवारी या’ ऐकत ऐकत ३१ ऑक्टोबर गेली

माझ्या धाकट्या बहिणीचं अॅडमिशन ऑगस्ट २०२४ मध्ये पुण्यातल्या एका कॉलेजात बीएस्सीला घेतलं होतं. कॉलेजचं नाव लिहीत नाही, पण गेटवरच नॅकच्या (कॉलेजांचा दर्जा तपासणारी संस्था) ए ग्रेडचा भलामोठा बोर्ड आहे आणि तो बघूनच बाबा म्हणाले की मान्यता आहे, पैसे कुठं जात नाहीत. ८५ हजार फी भरली, ओरिजिनल एलसी आणि बारावीची मार्कशीट त्यांनी ठेवून घेतली. सप्टेंबरमध्ये तिचा अॅग्रीला नंबर लागला, तिला पहिल्यापासून तेच करायचं होतं, म्हणून आम्ही २० सप्टेंबरला हे अॅडमिशन रद्द करायला गेलो.

काउंटरवरच्या मॅडम खूप गोड बोलल्या. अर्ज हातात घेतला, वाचला आणि परत दिला, म्हणे असा साधा अर्ज चालत नाही, रद्द करायचा फॉर्म ऑनलाइन निघेल, सर बाहेरगावी आहेत, सोमवारी या. सोमवारी गेलो तर अकाउंटवाले रजेवर. ३० तारखेला बाबा तिथल्या बाकड्यावर संध्याकाळी पाचपर्यंत बसून राहिले तेव्हा कुठं एलसी आणि मार्कशीट मिळाली, रजिस्टरवर बहिणीची सही घेतली आणि वर सांगितलं की पैशाची काळजी करू नका, प्रोसेसमध्ये आहे. दसऱ्यानंतर १४ ऑक्टोबरला परत गेलो तर उत्तर आलं, दिवाळी होऊ द्या. दिवाळीनंतर गेलो तेव्हा त्याच मॅडमनी सांगितलं की मुदत ३१ ऑक्टोबरला संपली, तुमचा लेखी अर्ज आमच्याकडे आलेलाच नाही, आता रिफंड बसत नाही.

खरी फसवणूक इथं आहे. त्या वर्षी यूजीसीचा, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचा, नियम होता की ३० सप्टेंबरपर्यंत अॅडमिशन रद्द केलं तर पूर्ण फी परत आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत केलं तर जास्तीत जास्त १००० रुपये कापायचे. हे त्यांना पक्कं माहीत होतं आणि आम्हाला नव्हतं, म्हणून अर्जावर आवक शिक्का मारायचा नाही आणि तारीख जाऊ द्यायची एवढंच त्यांनी केलं. ओरिजिनल कागद ठेवून घेणं हेसुद्धा यूजीसीच्या २०१८ च्या सूचनेप्रमाणे चुकीचं आहे, कॉलेजने बघून लगेच परत द्यायचे असतात, आम्ही मात्र आपणहून फाइलच सोपवली.

मग जो भेटेल त्याला विचारत फिरलो. ओळखीच्या वकिलांनी ग्राहक मंचात जाऊ नका म्हणून सांगितलं, सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये महर्षी दयानंद विद्यापीठाच्या केसमध्ये विद्यार्थी हा ग्राहक नाही असं म्हटलंय, तिथं वर्षं जातील. नॅकची ग्रेड शिक्षणाच्या दर्जाची असते, तुमच्या फीचं भांडण ते सोडवत नाहीत, हेही तेव्हाच कळलं. खरा रस्ता म्हणजे कॉलेजची विद्यार्थी तक्रार निवारण समिती आणि तिच्यावर लोकपाल. २०२३ च्या यूजीसी नियमांनुसार समितीने कामकाजाच्या १५ दिवसांत अहवाल द्यायचा असतो, तो पटला नाही तर १५ दिवसांत लोकपालांकडे अपील, आणि त्यांनी ३० दिवसांत निकाली काढायचं. लोकपाल म्हणजे निवृत्त कुलगुरू, निवृत्त प्राध्यापक किंवा माजी जिल्हा न्यायाधीश असे असतात, कॉलेजचा पगारी माणूस नसतो.

समितीने आमची तक्रार एका ओळीत फेटाळली, लेखी अर्जाची नोंद नाही म्हणून. अपील करताना आमच्याकडे काय होतं तर बाबांच्या डायरीत कोंबलेले गेटपास! गेटवरचा सिक्युरिटीवाला दर वेळी एक पिवळी चिठ्ठी फाडून द्यायचा, त्यावर तारीख, वेळ आणि कामाच्या रकान्यात बाबांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलेलं ‘प्रवेश रद्द करणे’. ३१ ऑक्टोबरच्या आधीच्या चार चिठ्ठ्या निघाल्या, एक घामाने पुसट झालेली, पण तारीख वाचता येत होती. त्याचे फोटो लावले आणि एवढंच विचारलं की अर्जच नव्हता तर ३० सप्टेंबरला एलसी परत कशापायी दिली? लोकपालांच्या ऑनलाइन सुनावणीत कॉलेजकडून यावर कोणीच धड बोललं नाही. फेब्रुवारीत ८४ हजार खात्यात आले.

म्हणून कळकळीने सांगतो, काउंटरवर अर्ज घेत नसतील तर वाद घालत बसू नका, त्याच दिवशी प्राचार्यांना ईमेल करा आणि तोच अर्ज स्पीड पोस्टाने टाका, पावती जपा. घेतला तर दुसऱ्या प्रतीवर तारखेसकट पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका. मुदतीच्या तारखा दर वर्षी बदलू शकतात त्यामुळं त्या वर्षीचं यूजीसीचं पत्रक स्वतः काढून बघा, आणि इंजिनिअरिंग, फार्मसी असलं काही असेल तर सीईटी सेलच्या तारखा वेगळ्या असतात. अॅडमिशनच्या वेळी ‘फी परत मागणार नाही’ असं लिहून घेतलं असलं तरी घाबरून गप्प बसू नका, आमच्याकडूनही घेतलं होतं.

हॉस्टेलचं १० हजार डिपॉझिट मात्र अजून अडकलंय. ते हॉस्टेल बाहेरच्या माणसाचं निघालं, त्याची पावती कॉलेजच्या नावाची नाहीच, आणि हे आम्ही पैसे भरताना बघितलं नव्हतं.