सिलिकॉनच्या कडेचं फोम ड्रेसिंग: पातळ कातडीला मानवणारं

बरीच वर्षं स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असल्या की कातडी कागदासारखी होते. साधी चिकटपट्टी काढताना पापुद्राच निघून येतो. तिथे हे ड्रेसिंग, म्हणजे मधे ओल शोषणारा फोम आणि कडेला हलकं चिकटणारं सिलिकॉन असलेली जखमेवरची पट्टी, खरंच उपयोगी आहे.

मात्र लावताना घाई नको. जखम सलाइनने (निर्जंतुक मिठाच्या पाण्याने) धुवा, भोवतालची कातडी टिपून कोरडी करा. तिथे क्रीम किंवा तेलाचा हात राहिला तर कड धरतच नाही. फोम जखमेच्या काठापलीकडे चहूबाजूंनी 2 सेंटीमीटर तरी जायला हवा. काढताना वर ओढू नका: एका हाताने कातडी दाबून धरा आणि कड कातडीलगत हळूहळू सोलत न्या.

पाकिटावर 7 दिवस लिहिलेलं असलं तरी जखमेतल्या ओलीचा डाग फोमच्या कडेजवळ आला की बदला. ओलं तसंच राहिलं तर जखमेचे काठ पांढरे, सुरकुतलेले पडतात आणि जखम भरायच्या ऐवजी पसरते. कोरड्या जखमेवर पैसे वाया. मधुमेहातल्या तळपायाच्या जखमेला हे एकटं पुरत नाही; पायावरचा भार हटवावाच लागतो. लाली पसरली, दुर्गंधी किंवा ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.