मिरजेतली मावशींची खानावळ : आमटी पातळ, माणसं घट्ट

मिशन हॉस्पिटलच्या भागात पेशंटचे नातेवाईक जेवतात त्यातलीच ही एक छोटी खानावळ, बोर्ड पार पुसट झालाय पण कुणालाही मावशींची खानावळ विचारा, दाखवतील. भाकरी एक नंबर, तव्यावरनं थेट ताटात. आमटी मात्र पातळ, आणि दुपारी एक-दोनच्या टायमाला बसायला जागा मिळंल ही आशा सोडा. अंडाकरी असली तर चुकवू नका.

पण रिव्ह्यू लिहायचं कारण वेगळंच. मावशी-काका ख्रिश्चन, गल्ल्यामागं भिंतीवर बायबलमधलं वचन लावलंय, १ पेत्र 4:8, एकमेकांवर एकनिष्ठेने प्रीती करा, प्रीती पापांची रास झाकून टाकते. मला वाटलं असल्या पाट्या काय सगळीकडंच असतात. आई अ‍ॅडमिट होती तेव्हा रोज तिथंच जेवण, त्यामुळं वाढणाऱ्या पोराशी ओळख झाली, तर त्यानं मागं एकदा गल्ल्यातले पैसे उचललेले. काकांनी खानावळ बंद झाल्यावर आत बसवून चांगला झाडला, पैसे पगारातनं वळते केले, पण चारचौघात एक शब्द नाही आणि कामावरनं काढलं पण नाही. हे मला काकांनी नाय सांगितलं बरं का, त्या पोरानंच सांगितलं!

मी काकांना छेडलं, म्हटलं हे म्हणजे चोरीवर पांघरूण घालणंच की. तर म्हणाले, "हिशेब पुरा घेतला की. फक्त गावभर केला नाही." मग म्हणे हे वचन लिहिणारा पेत्र तरी कोण, येशूचाच शिष्य, पण येशूला धरून नेलं त्या रात्री मी त्याला ओळखत नाही असं तीनदा सांगणारा. आणि येशू मरणातनं उठल्यावर तिबिर्याच्या समुद्राकाठी भेटला तेव्हा कोळशावर मासे भाजून ठेवलेले, आधी सगळ्यांना न्याहारी, मग पेत्राला प्रश्न, माझ्यावर प्रीती करतोस का, ते पण तीनदाच. आधी जेवण मग चौकशी हा क्रम मला खानावळवाल्याला शोभेल असाच वाटला.

पुढच्याच वचनात कुरकुर न करता पाहुणचार करा असंय, तिथं मात्र मावशींचे मार्क कट. उशिरा गेलात तर जाम बोलणी बसतील, पण उपाशी कुणाला पाठवत नाहीत, खिशात पैसे नसले तरी.

रविवारी सकाळी उपासना असते म्हणून दुपारीच उघडतं. फोनपे चालतं. पार्सल पाहिजे तर डबा आपला न्या, आणि आमटीचं झाकण घट्ट बघून घ्या.