उन्हाळी संगीत महोत्सवात स्टॉल लावणाऱ्यांनो, कूपनवर माल देऊ नका

आयोजक पळाले नि माझे 47,020 रुपये बुडाले. 42,020 विक्रीचे आणि 5,000 अनामत. स्टॉलचं भाडं 14,000, लाइटचे 1,500, शिवाय शेव, दही, बर्फ, गॅस नि दोन पोरांची मजुरी मिळून 17,800, हे सगळे गेले ते वेगळेच. ते धंद्यातले म्हणून सोडून देतो.

मी भुसावळकडचा. शेवभाजी-पाव, मठ्ठा, लिंबू सरबत. आपल्याकडे मे महिन्यात पारा 44-45 वर गेला की दुपारी गाडीवर माशी फिरकत नाही. अशात दोन संध्याकाळचा संगीत महोत्सव, मोठं मैदान, जळगावची गर्दी म्हटल्यावर कोणीही स्टॉल घेतला असता. मला हावरट म्हणणाऱ्यांनी आधी मे महिन्यात धंदा करून दाखवावा.

पद्धत तुम्हाला माहीत आहे. स्टॉलवर रोख घ्यायची नाही, गिऱ्हाइकाने आयोजकांच्या काउंटरवरून कूपन आणायचं, रात्री 15 टक्के कापून आपला हिशोब. त्यांनी माझा अन्न नोंदणीचा दाखला मागितला, आधार मागितलं, फायरचं सिलेंडर आहे का विचारलं. इतकं विचारणारा माणूस चोर असेल असं कोणाच्या मनात येईल? एकच गोष्ट खटकली होती. "मेन्यूत खान्देशी भरीत ठेवाच," म्हणाले. अरे, भरताची वांगी थंडीतली. मे महिन्यात भरीत मागणारा इथला नाही, एवढं तिथेच कळलं होतं. पण बाहेरचे लोक कार्यक्रम करतातच की.

पहिल्या रात्री माझी कूपनं निघाली 32,740 ची. 15 टक्के कापून 27,829 यायला हवे होते. काउंटरवरच्या पोराने 10,000 हातात ठेवले नि म्हणाला, "काका, बाकीचं उद्या एकदमच." सही नाही, चिठ्ठी नाही. तो क्षण आजही डोक्यातून जात नाही. हिशोब करणारा 27,829 देतो. गोल 10,000 देणारा हिशोब करतच नसतो, तो दुसऱ्या दिवसाचा माल काढून घेत असतो. पण रात्रीचे साडेअकरा, पोरं दमलेली, मागे इतर स्टॉलवाल्यांची रांग, आणि सगळ्यांनाच तसेच गोल आकडे. सगळे गप्प, मीही गप्प. दुसऱ्या दिवशी आणखी 28,460 ची विक्री झाली. शेवटचं गाणं सुरू असतानाच काउंटर बंद, फोन बंद.

भाड्याचे पैसे क्यूआरवर भरताना नाव कोणाचं येतं ते बघा, स्क्रीनशॉट ठेवा. माझ्या वेळी संस्थेऐवजी एका माणसाचं आलं. "आमचे अकाउंटंट," म्हणे. जीएसटी नंबर दिला असेल तर जीएसटीच्या पोर्टलवर टाकून बघा, फुकट आहे.

आता पोलिसांचं ऐका. पहिल्या ठाण्यात सांगितलं, मैदान आमच्या हद्दीत नाही. दुसऱ्या ठाण्यात म्हणाले, हा दिवाणी व्यवहार आहे, वकील बघा. करार कुठाय? कूपनं खरी कशावरून? तुम्हीच छापली नसतील कशावरून? म्हणजे 61,200 रुपयांची कूपनं मी घरी बसून छापली आणि त्यांच्यासाठी शेवभाजी रांधली! बंदोबस्तावरचे दोघे याच स्टॉलवर मठ्ठा पिऊन गेले होते, पैसे न देता. तेव्हा हद्द कोणी विचारली नाही. अर्ज घेतला, पोच दिली नाही. मैदानाची परवानगी कोणाच्या नावावर होती हे विचारायला गेलो, तर साहेब मीटिंगला. सायबरवाले म्हणाले, कूपन म्हणजे ऑनलाइन फसवणूक नव्हे.

ओळखीच्या वकिलाने नंतर सांगितलं: हद्द कुठलीही असो, दखलपात्र गुन्ह्याची माहिती पोलिसांना घ्यावीच लागते, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 173. नाहीच घेतली तर लेखी तक्रार टपालाने पोलीस अधीक्षकांना. फसवणुकीचं कलम आता 420 नाही, न्याय संहितेचं 318. हे तोंडपाठ करूनच ठाण्यात जा, नाहीतर तुम्हालाच खुर्चीवरून उठवतात. पैसे यूपीआयने गेले असतील तर त्याच दिवशी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, उद्यावर ढकलू नका. आणि रोजचा पूर्ण हिशोब रोज मिळाला नाही तर दुसऱ्या दिवशी शेगडी पेटवू नका, रांगेतले बाकीचे काहीही करोत.

गेल्या आठवड्यात धुळ्याच्या एका ओळखीच्या चाटवाल्याने जाहिरात पाठवली. महोत्सवाचं नाव नवं, भाडं तेच 14,000, अनामत तीच 5,000. त्याला म्हटलं, भो, एक रुपया पाठवून बघ. नाव त्याच अकाउंटंटचं आलं.