एप्रिलच्या उन्हात लावलेलं लॉन कार्पेट, सात महिन्यांनंतर

आम्ही इंदूरला राजेंद्र नगरमध्ये राहतो. घरापुढे साधारण 300 स्क्वेअर फूट अंगण, सगळी काळी माती, उन्हाळ्यात बोट जाईल एवढ्या भेगा आणि पावसाळ्यात चपला रुतणार. पुतण्याची मुंज अक्षय्य तृतीयेनंतरच्या मुहूर्तावर ठरली आणि घरात सगळ्यांना वाटलं की अंगण हिरवं करून टाकू, म्हणून एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सिलेक्शन वन गवताचं तयार कार्पेट, म्हणजे मातीसकट कापलेले गवताचे तुकडे, आणून लावलं. आता नोव्हेंबर चालू आहे. भर उन्हात लावायची वेळ कुणावर आलीच तर उपयोगी पडेल म्हणून सगळं सविस्तर लिहिते, मला तेव्हा हे कुणी सांगितलं असतं तर आमची एक अख्खी पट्टी वाचली असती.

आधी गवताबद्दल. सिलेक्शन वन म्हणजे आपली हरळीच, फक्त बारीक पानाची आणि दाट वाढणारी निवडलेली. हरळीला ऊन आवडतं, सावलीत उलट ती विरळ होते. त्यामुळे नर्सरीवाले म्हणाले "ऊन काही करत नाही, पाणी मारत राहा" ते खोटं नव्हतं, पण अर्धंच होतं. कार्पेट शेतातून कापतात तेव्हा खाली जेमतेम बोटभर मातीचा थर येतो आणि बरीचशी मुळं तिकडेच तुटून राहतात. पानं मात्र सगळी शाबूत, ती आपलं पाणी उडवत बसतात आणि खालून ओढून घ्यायला जवळपास काहीच नाही. उन्हाळ्यात खरी अडचण ही आहे.

सकाळी सातला येणारा टेम्पो दुपारी दीडला आला. संध्याकाळपर्यंत निम्मंच लावून झालं, उरलेले तुकडे एकावर एक रचून ताडपत्रीखाली ठेवले. दुसऱ्या दिवशी उघडले तर मधल्या तुकड्यांना हात लावून बघितला, चक्क गरम, आंबूस वास, पानं पिवळी. तरी माळ्याने ते पश्चिमेच्या भिंतीलगत लावलेच. ती भिंत संध्याकाळी सातपर्यंत तापलेली असते. तिथली दोन फुटांची पट्टी आठ दिवसांत वाळून गेली. म्हणून सांगते, माल ज्या दिवशी कापला त्याच दिवशी लागला पाहिजे, आणि जेवढं लावून होईल तेवढ्यावर लगेच पाणी, सगळं संपायची वाट बघत बसायचं नाही.

पण सगळ्यात महत्त्वाचं कळलं ते सहाव्या दिवशी. सासूबाई सकाळी अनवाणी चालून आल्या आणि त्यांच्या पावलांचे ठसे गवतावर तसेच राहिले, पान उठेचना, रंगही हिरव्याचा निळसर राखाडी. मी रोज तीनदा पाच पाच मिनिटं पाइप फिरवत होते, वरून बघितलं तर ओलंच. एक कोपरा उचलला तर कार्पेटची माती ओली आणि खालची काळी माती खडखडीत कोरडी. मग बादली लावून मोजलं, 20 लिटरची बादली भरायला दोन मिनिटं, म्हणजे पाच मिनिटांत 50 लिटर. आमचं अंगण 28 चौरस मीटर, एक चौरस मीटरवर एक लिटर म्हणजे एक मिलिमीटर पाणी, तर एका वेळेला दोन मिलिमीटरसुद्धा पडत नव्हतं, त्यातलं बरंचसं उन्हातच उडून जात असणार. मुळं कोरड्यात उतरणार कशी?

त्या दिवसापासून पहाटे सहाला एकूण 20 मिनिटं पाणी, पण दोन हप्त्यांत, मधे अर्धा तास सोडून, कारण काळी माती पाणी पटकन पीत नाही आणि सगळं फर्शीवर वाहून येतं. दुपारी एकला फक्त दोन मिनिटांचा फवारा, तो पानं गार करायला. सांधे आणि कडा सगळ्यात आधी वाळतात, तिथे झारीने वेगळं. रात्री पाणी नाही, पानं रात्रभर ओली राहिली की बुरशी धरते. भिंतीकडच्या निम्म्या भागावर बांबू रोवून तीन फूट उंचीवर हिरवी नेट बांधली, पण दहाच दिवस. आणि रोज कुठला तरी एक कोपरा उचलून खाली बघायचंच.

एकदा घरातल्यांनी कूलरचं उरलेलं पाणी गवतावर ओतलं, चांगल्या मनानेच. आमचं बोरिंगचं पाणी आधीच खारट, त्यात कूलरमधून पाणी उडून जातं आणि क्षार तेवढे खाली साठतात. परातीएवढा डाग करपला. आरओचं टाकाऊ पाणीही म्हणूनच घालू नका.

सतराव्या दिवशी पूर्वेकडचे तुकडे ओढले तर उचलेनात, जीव धरला होता. भिंतीकडे पंचवीस दिवस लागले. मग पाणी दिवसाआड केलं, पुढे तिसऱ्या दिवशी, पण प्रत्येक वेळी भरपूर, म्हणजे मूळ खोल जातं. नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते कडक उन्हाचे नऊ दिवस, त्याच्यावर निघाला. दहाव्या दिवशी युरिया टाका असं माळी म्हणत होता, मी ठाम नाही म्हटलं. मूळ नसलेल्या गवताला त्या उन्हात युरिया म्हणजे जाळच, तो पहिल्या चांगल्या पावसानंतर अगदी थोडा दिला. पहिली कापणी तीन इंच झाल्यावर, त्यातलं एक इंचच काढलं.

मुंजीचा मांडव शेवटी गच्चीवर घातला. महिनाभराच्या गवतावर खांब आणि खुर्च्या नकोत हे मी सगळ्यांना समजावलं, दीर थोडे नाराज झाले पण ऐकलं.

पावसात सांध्यांमधून मोथा उगवला, तो गाठीसकट खणून काढावा लागतो, नुसता उपटला तर परत येतो. वाळलेल्या पट्टीत नवीन तुकडे घातले नाहीत, शेजारच्या हरळीनेच धावते फुटवे सोडून ऑगस्टअखेर ती भरून काढली.

माल चांगला, पोचवणं वाईट. परत घेईन तर हेच गवत, पण जुलैत. मे महिन्यात नळाला येणारं नर्मदेचं पाणी दिवसाआड आणि बोरिंग आटलेली असताना रोज 200 लिटर गवतावर ओतायला मन धजत नव्हतं, लावलंय म्हणून घातलं.

गणपतीत दूर्वा घरच्याच निघाल्या. कापलेल्या लॉनमध्ये धड तीन पानांचा शेंडा मिळत नाही, म्हणून तुळशीजवळचा हातभर तुकडा मी तेव्हापासून कापतच नाही. बाकीचं आता थंडीमुळे हळू वाढतंय, कापणी आठवड्यावरून वीस दिवसांवर गेली आहे.