बदलापुरातलं पहिलं घर, वर्षभर राहिल्यानंतर: मुख्यतः शेअर रिक्षाबद्दल

मागच्या महिन्यात आमच्या मार्गावर शेअर रिक्षाचं भाडं माणशी २० वरून २५ रुपये झालं. त्या रात्री मी हिशेबाची वही काढली आणि घर घेताना केलेलं सगळं गणित नव्याने मांडलं. हा अनुभव त्या वहीतूनच लिहिते आहे.

बदलापूरची प्राथमिक माहिती देत नाही. अंबरनाथनंतरचं स्टेशन, मुंबईपासून जवळपास ६८ किलोमीटर, कल्याण-डोंबिवलीपेक्षा दर कमी, हे घर शोधणाऱ्या प्रत्येकाला पाठ असतं. माझी नोकरी दादरला, नवऱ्याची ठाण्याला, मुलगी दुसरीत, सासूबाई आमच्याबरोबर. घर पूर्वेला, कात्रपच्याही पुढे. स्टेशनपासून सुमारे तीन किलोमीटर. आणि या तीन किलोमीटरनी ६८ किलोमीटरपेक्षा जास्त पिडलं आहे.

आधी गणित, कारण ते कुठलाही दलाल किंवा बँकवाला सांगत नाही. साडेआठ टक्के व्याजाने २० वर्षांसाठी कर्ज घेतलं, तर दर लाखामागे हप्ता साधारण ८६८ रुपये बसतो. म्हणजे ३० लाखांना २६ हजारांच्या आसपास. आता हेच उलटं करा. दरमहा १,००० रुपये कायमचा खर्च वाढवणारं घर, हे खरं तर सव्वा लाखाला थोडं कमी एवढं महाग घर आहे. आकडा साधारण १ लाख १५ हजार. आम्ही दोघं नोकरदार, दोघंही रिक्षानेच गेलो तर जाऊन-येऊन चार फेऱ्या, महिन्याचे २५ दिवस. वीस रुपयांनी २,००० होतात, पंचवीसने २,५००. कर्जाच्या भाषेत पावणेतीन लाखांच्या वर. नुसत्या पाच रुपयांच्या वाढीने आमच्या घराची किंमत ५७-५८ हजारांनी वाढली, तीही घरात एक वीट न वाढता. शिवाय हप्ता कधीतरी संपतो. रिक्षाचं भाडं संपत नाही, ते फक्त वाढतं. १ फेब्रुवारी २०२५ पासून मुंबई महानगरात मीटरचं किमान भाडं २३ वरून २६ झालं. आमच्याकडे मीटर कोणी टाकत नाही, पण शेअरवाल्यांना भाव वाढवायला तेवढं निमित्त पुरतं.

पहिल्या काही महिन्यांत मला विचारलं असतं तर मी बदलापूरवर नुसती स्तुती लिहिली असती, आणि ती स्तुती अजूनही खरी आहे. बदलापूरहून सुटणाऱ्या लोकल आहेत. हे वाक्य घर शोधताना दहा वेळा वाचा. वांगणीला दर आणखी कमी मिळतो, पण तिथे कर्जत-खोपोलीहून आलेली गाडी मिळते, म्हणजे सकाळी तुम्ही आधीच बसलेल्या लोकांच्या मेहरबानीवर. बदलापूर लोकल पकडली तर लेडीज डब्यात मला खिडकी नाही तरी जागा मिळते, आणि दादरपर्यंत मी बसून जाते. भाजी निवडते, मुलीच्या शाळेचे निरोप वाचते, चक्क झोपते. डोंबिवलीला भाड्याने राहायचो तेव्हा गाडीत शिरणं हेच काम होतं. लांबच्या उपनगरात घर घेताना किलोमीटर मोजू नका, गाडी कुठून सुटते ते बघा.

गाडीची दुसरी बाजू पावसात कळते. कल्याणच्या पुढे कर्जतकडे दोनच मार्गिका आहेत. लोकल, पुण्याकडे जाणाऱ्या-येणाऱ्या लांबच्या गाड्या, मालगाड्या, सगळं त्याच दोन रुळांवर. एक इंजिन बंद पडलं की मागचं सगळं थांबतं आणि वळवायला जागाच नसते. कल्याण-बदलापूर तिसरी-चौथी मार्गिका मुंबईच्या रेल्वेवाढीच्या एमयूटीपी ३-अ या प्रकल्पात मंजूर आहे. ती होईल तेव्हा आमचं आयुष्य बदलेल. तोवर अशा दिवशी घरी पोचायला उशीर होतो, आणि उशीर झाला की प्रश्न पुन्हा रिक्षाचाच.

शेअर रिक्षा साडेनऊ-दहापर्यंत व्यवस्थित मिळते. त्यानंतर रिक्षा तेवढ्याच उभ्या असतात, पण त्या ‘स्पेशल’ होतात. स्पेशलचा आकडा चालकाच्या मनावर आणि पावसाच्या जोरावर. दहाच्या आधीही गाडी भरल्याशिवाय निघत नाही. मागे तीन, पुढे चालकाला खेटून चौथा. चौथी जागा बाईला नकोशी असते, म्हणून मी पुढच्या रिक्षासाठी थांबते, आणि थांबण्याचे पैसे वहीत कुठे लिहू? संध्याकाळी आठच्या गाडीला उतरलेला लोंढा रांगेत उभा राहिला की स्टेशन ते घर हा तुकडा कधी कधी ठाणे ते बदलापूर एवढा वेळ खातो. दोन्ही हातात पिशव्या, वरून पाऊस, आणि रिक्षावाला म्हणतो, ‘ताई, तिकडे रस्ता खराब आहे, दहा जास्त लागतील.’ मला याचा मनापासून राग येतो. ६८ किलोमीटर नेणाऱ्या रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाच्या मासिक पासापेक्षा तीन किलोमीटरची रिक्षा कितीतरी महाग पडते, हे वर्षभर रोज भरूनही मला पचलेलं नाही.

‘स्टेशनपासून दहा मिनिटं’ असं जाहिरातीत असतं. ती दहा मिनिटं दुपारी दोन वाजता मोटारीतली. घर बघायला रविवारी सकाळी बिल्डरच्या गाडीतून जाऊ नका. कामाच्या दिवशी, तुमच्या नेहमीच्या ऑफिसातून सुटून, तुमच्या नेहमीच्या गाडीने उतरा, रिक्षाच्या रांगेत उभं राहा आणि इमारतीच्या दारापर्यंत जा. मग एकदा तेच अंतर चालून बघा. रस्त्यावर दिवे आहेत का, पदपथ आहे का, कुत्री किती, पावसाळ्यात कुठे तुंबतं, हे चालल्याशिवाय कळत नाही. हे काम घरातल्या बाईने करायला हवं, कारण रात्री नऊनंतर कोणता रस्ता तिला चालण्यासारखा वाटतो, ते तीच ठरवू शकते.

मग मध्ये माझं मत थोडं सौम्य झालं होतं, कारण नवऱ्याने जुनी स्कूटर घेतली. पेट्रोल आणि स्टेशनजवळच्या पार्किंगचा मासिक पास धरूनही त्याचा खर्च रिक्षाच्या निम्म्यावर आला. मला वाटलं, सुटला प्रश्न. पण आमच्या वेळा जुळत नाहीत. तो सातला परततो, मी पावणेनऊला. तो मला न्यायला पुन्हा आला तर बचत पेट्रोलमध्ये जाते आणि मुलगी अभ्यास अर्धवट टाकून आजीजवळ बसते. त्यामुळे स्कूटरने निम्मा प्रश्न सुटला, निम्मा तसाच आहे. एकाच नोकरदाराचं घर असेल तर तीन किलोमीटर अंतर खपून जाईल. दोघं नोकरी करत असाल आणि वेळा वेगळ्या असतील, तर नाही.

कोणी म्हणेल, मग स्टेशनजवळ घ्यायचं. स्टेशनजवळचं नवं घर आमच्या कर्जाच्या मर्यादेत बसत नव्हतं. बँक पगार बघून कर्ज ठरवते. रिक्षा वाचणार म्हणून तीन लाख जास्त देत नाही. जवळ जुन्या, लिफ्ट नसलेल्या इमारती आहेत, पुनर्विक्रीत मिळतात आणि चालत पाच-सात मिनिटं. पण इमारत जुनी असली की काही बँका कर्जाची मुदत कमी करतात आणि हप्ता फुगतो. आम्ही पाहिलेल्या एका इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र (राहायला परवानगी देणारा पालिकेचा दाखला, ओसी) नव्हतं, अभिहस्तांतरणही (जमीन-इमारत सोसायटीच्या नावावर होणं) झालेलं नव्हतं. ती सोडली आणि त्याबद्दल आजही समाधान आहे. सासूबाईंच्या गुडघ्यांना तीन मजले झेपले नसते, ते वेगळंच. तरीही कागद स्वच्छ असलेलं, पहिल्या मजल्यावरचं जुनं घर मिळत असेल, तर माझ्या मते ते तीन किलोमीटरवरच्या चकचकीत नव्या घरापेक्षा सरस. क्लबहाउसमध्ये आम्ही वर्षभरात जेमतेम गेलो असू.

पूर्व की पश्चिम, यावर बदलापूरकर तासन् तास बोलतात. मी फक्त नदीचं सांगते. पश्चिमेला उल्हास नदी आहे आणि हेंद्रेपाडा, रमेशवाडी, वालिवली या भागांत पुराचं पाणी शिरलेलं आहे. २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीदरम्यान पुरात अडकली होती आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बाहेर काढावं लागलं होतं, हे सगळ्यांना आठवत असेल. पश्चिमेला घर बघत असाल तर निळ्या आणि लाल पूररेषेचा नकाशा मागा. निळी म्हणजे २५ वर्षांतून एकदा येईल अशा पुराची, लाल १०० वर्षांच्या पुराची. दलाल ‘इथे पाणी येत नाही’ म्हणतो तेव्हा तळमजल्यावरच्या दुकानदाराला विचारा, तो भिंतीवर हात ठेवून खूण दाखवतो.

आता एक अनपेक्षित सुखाची गोष्ट. पहिल्याच पावसात बेडरूमची भिंत ओली झाली. बिल्डरच्या माणसाने ‘नवीन बांधकाम आहे, सुकेल’ असं उत्तर दिलं, मग फोन घेणं बंद. मी रेरा या घर घेणाऱ्यांना संरक्षण देणाऱ्या कायद्याचं कलम १४(३) लिहून पत्र दिलं: ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष आढळला, तर कळवल्यापासून ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्ती. फोटो जोडले आणि पोचपावती घेतली. दोन आठवड्यांत माणसं आली, बाहेरून भेगा भरल्या, आतून रंग दिला. यंदाच्या पावसात ती भिंत कोरडी राहिली. एवढ्या एका पत्राने काम होईल असं शेजाऱ्यांना वाटत नव्हतं. आता त्यांनीही पत्रं दिली आहेत. तुमच्याकडे ताबापत्राची तारीख आणि लेखी तक्रार हवीच. तोंडी बोलणं वाया जातं.

पैशांच्या दोन गोष्टी घाईने. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत १ एप्रिल २०२१ पासून आहे. पुरुषाचं नाव जोडलं की जाते. आमचं घर माझ्या एकटीच्या नावावर आहे आणि कर्जात नवरा सहकर्जदार. दुसरं, भोगवटा प्रमाणपत्र मिळालेलं तयार घर घेतल्याने जीएसटी लागला नाही. बांधकाम चालू असतं तर ४५ लाखांपर्यंतच्या आणि ६० चौरस मीटरपर्यंत चटई क्षेत्राच्या घराला एक टक्का लागला असता. या दोन बचतींतून स्वयंपाकघरातल्या ट्रॉल्या झाल्या.

पाण्याबद्दल आमची फारशी तक्रार नाही. एप्रिल-मेमध्ये टँकर येतो, त्या महिन्यांत मेंटेनन्स वाढतो. तोही आकडा घर घेण्याआधी मागा आणि हजाराला १ लाख १५ हजार या हिशेबात टाका.

आज कोणी विचारलं तर मी बदलापूरच सांगेन. या पैशांत दोन खोल्या जास्त, सुटणारी गाडी आणि मुलीला सायकल चालवायला मोकळा रस्ता, हे मला मुंबईच्या जवळ मिळालं नसतं. फक्त अट एकच: स्टेशनपासून चालत वीस मिनिटांच्या आत, त्यासाठी एक खोली कमी घ्यावी लागली तरी. दलाल अंबरनाथ-बदलापूरदरम्यान येऊ घातलेल्या चिखलोली स्टेशनाचं आणि कांजूरमार्ग-बदलापूर मेट्रोचं नाव घेऊन दर वाढवतात. त्यापोटी आज एक रुपयाही जास्त देऊ नका, आजच्या रांगेत उभं राहून भाव करा.

आमच्या आणि शेजारच्या तीन सोसायट्यांतल्या बायकांनी मिळून रिक्षा स्टँडशी बोलणी सुरू केली आहेत: रात्री साडेदहापर्यंत शेअर चालू ठेवायची, चौथा प्रवासी नाही, आणि भाड्याचा फलक स्टँडवर लावायचा. चौथ्या प्रवाशाच्या मुद्द्यावर अडलं आहे. पुढची बैठक या रविवारी आहे. ठरलं की इथे भर घालेन.