वन-इलेव्हन, डीसी-९ की ७३७ : सखोल अभ्यासासाठी कोणते विमान निवडावे?

विमान वाहतुकीच्या इतिहासात रस असलेल्या विद्यार्थ्याने किंवा शिक्षकाने एकाच प्रवासी विमानाचा मुळापासून अभ्यास करायचा ठरवला, तर त्याने लहान पल्ल्याचे, दोन इंजिनांचे जेट निवडावे, असे माझे मत आहे. लांब पल्ल्याच्या विमानांभोवती वलय असते. परंतु दिवसातून अनेकदा चढ-उतार करणारे, तोकड्या धावपट्ट्यांवर भागवणारे आणि प्रत्येक फेरीत स्वतःचा खर्च भरून काढावा लागणारे विमान रचताना अभियंत्याला कोठे कोठे तडजोड करावी लागते, ते याच प्रकारात स्वच्छ दिसते. १९६५ ते १९६८ या अवघ्या तीन वर्षांत अशी तीन विमाने प्रवासी सेवेत दाखल झाली : ब्रिटनचे बीएसी वन-इलेव्हन, अमेरिकेचे डग्लस डीसी-९ आणि अमेरिकेचेच बोइंग ७३७. तिघांसमोर प्रश्न जवळपास एकच होता आणि उत्तरे मात्र वेगळी निघाली. यांपैकी कोणते निवडावे, हे ठरवू पाहणाऱ्यासाठी हा आढावा आहे.

या तिन्ही विमानांना एक पूर्वज होता. फ्रान्सच्या कॅराव्हेलने २७ मे १९५५ रोजी पहिले उड्डाण केले आणि दोन्ही इंजिने धडाच्या शेपटीकडील भागाला लावण्याची पद्धत त्यानेच रूढ केली. या मांडणीचे फायदे खरेखुरे होते. पंख मोकळे राहतात, केबिनच्या बहुतेक भागात आवाज कमी येतो आणि एक इंजिन बंद पडले तरी विमान एका बाजूला फारसे ओढले जात नाही. शिवाय पंखाखाली इंजिनासाठी जागा सोडावी लागत नसल्याने धड जमिनीलगत ठेवता येते. म्हणजे शिडी अंगचीच बसवता येते आणि सामान हाताने चढवता येते. जेथे विमानतळावर फारशा सोयी नव्हत्या, तेथे ही गोष्ट मोलाची होती. वन-इलेव्हन आणि डीसी-९ यांनी ही मांडणी उचलली, तर ७३७ ने ती नाकारली. पुढच्या इतिहासाचा बराचसा भाग या एका फरकातून उलगडतो.

वन-इलेव्हन : आधी आलेले विमान

वन-इलेव्हनचे मूळ हंटिंग या ब्रिटिश कंपनीच्या सुमारे तीस आसनी जेटच्या आराखड्यात होते. १९६० मध्ये हंटिंग ही कंपनी ब्रिटिश एअरक्राफ्ट कॉर्पोरेशनमध्ये (बीएसी) विलीन झाली, आराखडा मोठा करण्यात आला आणि मे १९६१ मध्ये ब्रिटिश युनायटेड एअरवेज या खासगी कंपनीने दहा विमानांची मागणी नोंदवली. ब्रिटनमध्ये तोवर नवे विमान बहुधा सरकारी विमान कंपनीच्या मापाने शिवले जात असे. वन-इलेव्हन मात्र खुल्या बाजारासाठी निघाले आणि ब्रॅनिफ, मोहॉक व अमेरिकन एअरलाइन्स यांसारख्या अमेरिकी कंपन्यांनीही ते विकत घेतले. ब्रिटिश जेटसाठी ही सामान्य गोष्ट नव्हती.

२० ऑगस्ट १९६३ रोजी हर्न येथून त्याचे पहिले उड्डाण झाले आणि दोनच महिन्यांनी, २२ ऑक्टोबरला, तेच पहिले विमान विल्टशायरमधील चिकलेडजवळ कोसळून चाचणी वैमानिक माइक लिथगो यांच्यासह सात जण मृत्युमुखी पडले. त्या दिवशी स्टॉलची, म्हणजे पंखांची उचल संपते त्या स्थितीची, चाचणी चालू होती. सामान्य विमानात अशा वेळी वैमानिक दांडा पुढे ढकलतो, शेपटीवरच्या पट्ट्या, म्हणजे एलेव्हेटर, खाली झुकतात, नाक खाली येते, वेग वाढतो आणि पंख पुन्हा काम करू लागतात. वन-इलेव्हनचे आडवे शेपूट मात्र उभ्या शेपटीच्या माथ्यावर, इंग्रजी टी अक्षरासारखे बसवलेले होते, कारण खालची जागा इंजिनांनी व्यापली होती. नाक एका मर्यादेपलीकडे वर गेले तेव्हा पंखांमागे उठलेल्या विस्कळीत हवेच्या झोतात हे शेपूट पूर्णपणे सापडले. एलेव्हेटर थेट यंत्रशक्तीने नव्हे, तर कडेच्या लहान पट्ट्यांवर येणाऱ्या हवेच्या दाबाने हलत असत. झोताने ते वरच्या दिशेने ढकलले गेले आणि दांडा पुढे रेटूनही खाली येईनात. विमान जवळजवळ सपाट अवस्थेत, पुढे फारसे न सरकता, खाली येत राहिले.

या स्थितीला डीप स्टॉल म्हणतात आणि या अपघातामुळे ती जगभरच्या अभियंत्यांच्या नजरेसमोर आली. त्यानंतर वन-इलेव्हनच्या एलेव्हेटरना यांत्रिक शक्ती देण्यात आली, पंखाच्या पुढच्या कडेचा आकार बदलण्यात आला आणि विमान धोक्याच्या कोनाकडे जाऊ लागताच दांडा आपोआप पुढे ढकलणारी यंत्रणा बसवण्यात आली. अपघातातून मिळालेले ज्ञान प्रतिस्पर्ध्यांनाही उपयोगी पडले. डीसी-९ च्या पंखाखाली, पुढच्या कडेलगत दिसणारी छोटी उभी पट्टी त्याच धोक्यावरचा उपाय आहे.

९ एप्रिल १९६५ रोजी वन-इलेव्हन प्रवासी सेवेत आले, म्हणजे डीसी-९ च्या आठ महिने आधी. तरीही ब्रिटनमध्ये ही विमाने केवळ २३५ बांधली गेली. रुमानियात परवान्याखाली १९८० च्या दशकात आणखी ९ तयार झाली. इतक्या कमी संख्येचे कारण अपघातात शोधण्यापेक्षा इंजिनात शोधलेले बरे. रोल्स-रॉइसचे स्पे हे इंजिन भरवशाचे होते, पण सुरुवातीला त्याचा रेटा, म्हणजे विमानाला पुढे ढकलणारा जोर, सुमारे १०,४०० पौंड होता आणि वाढवून वाढवून तो १२,५०० पौंडांच्या आसपास थांबला. इंजिनात ताकद नसेल तर धड लांबवता येत नाही, आणि धड लांबवता आले नाही तर प्रत्येक आसनामागचा खर्च कमी होत नाही. १९६७ मध्ये वन-इलेव्हनची लांबवलेली आवृत्ती उडाली तेव्हा डीसी-९ त्याच्या बरेच पुढे गेले होते.

डीसी-९ : ताणता येणारे धड

डग्लसने हे विमान एप्रिल १९६३ मध्ये हाती घेतले, म्हणजे वन-इलेव्हननंतर जवळपास दोन वर्षांनी. परंतु हा उशीर त्याच्या पथ्यावरच पडला. प्रॅट अँड व्हिटनीचे जेटी८डी हे इंजिन तोवर बोइंग ७२७ साठी सिद्ध झाले होते आणि ते १४,००० पौंडांचा रेटा देऊ शकत होते. डेल्टा ही अमेरिकी विमान कंपनी पहिली ग्राहक ठरली. २५ फेब्रुवारी १९६५ रोजी पहिले उड्डाण झाले आणि त्याच वर्षी ८ डिसेंबरला डेल्टाच्या सेवेत विमान रुजू झाले.

पहिल्या आवृत्तीचे आकारमान अंशतः एका सरकारी नियमाने ठरवले होते, ही बाब अभ्यासकाने नजरेआड करू नये. ८०,००० पौंडांपेक्षा जड विमानाच्या कॉकपिटमध्ये तिसरा कर्मचारी असणे तेव्हा अमेरिकेत आवश्यक होते, म्हणून डीसी-९ चे वजन त्या रेषेखाली ठेवले गेले. नियम बदलताच डग्लसने धड सुमारे साडेचार मीटरने लांबवले, पंखांच्या पुढच्या कडेला सरकत्या पट्ट्या दिल्या आणि मालिका ३० बाजारात आणली. हीच आवृत्ती सर्वाधिक खपली. पुढे हेच धड पुन्हा पुन्हा लांबत गेले आणि त्यातून १९७९ मध्ये एमडी-८० ही मालिका उभी राहिली. मूळ डीसी-९ ची संख्या ९७६ भरली, एमडी-८० ची ११९१.

आडव्या रांगेत पाच आसने हे मात्र या धडाचे कायमचे बंधन होते. धड लांबवता येते, रुंद करता येत नाही. इंजिने शेवटपर्यंत मागेच राहिल्याने टी आकाराचे शेपूटही राहिले आणि ते हलवणाऱ्या स्क्रूची देखभाल किती नाजूक असते, हे ३१ जानेवारी २००० रोजी अलास्का एअरलाइन्सच्या एमडी-८३ च्या अपघातात दिसले. अपुऱ्या वंगणामुळे त्या स्क्रूवर बसणाऱ्या नटचे आटे झिजून गेले होते. त्यात ८८ जण दगावले.

डीसी-९ चा व्यापारी इतिहास त्याच्या तांत्रिक इतिहासापेक्षा अधिक बोलका आहे, असे मला वाटते. मागणी भरपूर असूनही उत्पादनाचा खर्च आवाक्याबाहेर गेल्याने डग्लस अडचणीत आली आणि १९६७ मध्ये तिला मॅकडॉनेलशी विलीन व्हावे लागले. १९९७ मध्ये ती संयुक्त कंपनी बोइंगमध्ये सामावली आणि डीसी-९ चा शेवटचा वंशज बोइंग ७१७ या नावाने विकला गेला. त्याची १५६ विमाने बांधून २००६ मध्ये उत्पादन बंद झाले. खपणारे विमान आणि फायद्यात चालणारी कंपनी या दोन गोष्टी वेगळ्या असतात, हे वाणिज्य किंवा व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्याला याहून चांगल्या उदाहरणाने क्वचितच शिकता येईल.

७३७ : उशिरा आलेले, रुंद आणि बुटके

बोइंगने फेब्रुवारी १९६५ मध्ये ७३७ जाहीर केले तेव्हा वन-इलेव्हन सेवेच्या उंबरठ्यावर होते आणि डीसी-९ चे पहिले उड्डाण अवघ्या काही दिवसांवर आले होते. पहिली ग्राहक जर्मनीची लुफ्तान्सा होती आणि तिने २१ विमानांची मागणी नोंदवण्यापूर्वी हा प्रकल्प मध्येच गुंडाळणार नाही, असे आश्वासन बोइंगकडून घेतले होते. त्या आश्वासनाची गरज का वाटली असेल, हे तारखा पाहिल्या की कळते.

उशिरा येणाऱ्याला वेगळे काही द्यावे लागते. बोइंगने ७०७ आणि ७२७ च्याच रुंदीचे, सुमारे ३.७६ मीटरचे धड वापरले आणि आडव्या रांगेत सहा आसने बसवली. डीसी-९ चे धड सुमारे ३.३४ मीटर रुंद होते. जो सटर या अभियंत्याने इंजिने शेपटीकडून काढून पंखांखाली आणावीत, असा आग्रह धरला. त्यामुळे धडाच्या मागच्या भागाला जादा मजबुती देण्याची गरज उरली नाही, केबिनचा अधिक भाग आसनांसाठी मिळाला आणि टी आकाराचे शेपूटही टळले. ९ एप्रिल १९६७ रोजी ते उडाले आणि १० फेब्रुवारी १९६८ पासून लुफ्तान्साच्या सेवेत आले. मूळची आखूड आवृत्ती केवळ ३० बांधली गेली. युनायटेड या अमेरिकी विमान कंपनीसाठी लांबवलेली ७३७-२०० मात्र हजाराहून अधिक खपली.

धड जमिनीलगत ठेवण्याचा मोह बोइंगलाही आवरला नव्हता. जेटी८डी हे लांब आणि सडपातळ इंजिन असल्याने ते पंखाला जवळजवळ चिकटवून बसवता आले. आजही ७३७ उडताना खालून पाहिले तर मुख्य चाकांच्या बाहेरच्या बाजू उघड्या दिसतात, कारण त्यांना झाकणारी पूर्ण दारेच या विमानात नाहीत. पुढे अधिक कार्यक्षम, म्हणजेच अधिक व्यासाची इंजिने आली आणि हा बुटकेपणा नडू लागला. १९८४ मध्ये उडालेल्या ७३७-३०० वर इंजिनाच्या आवरणाचा तळ चपटा करावा लागला. मॅक्स या आवृत्तीत इंजिने आणखी पुढे आणि वर सरकवावी लागली, त्यामुळे नाक वर उचलले जाण्याची प्रवृत्ती वाढली आणि ती आवरण्यासाठी घातलेल्या एमकॅस या स्वयंचलित प्रणालीमुळे २०१८ आणि २०१९ मधील दोन अपघातांत ३४६ माणसे गेली. त्या प्रणालीची रचना, तिच्याविषयी वैमानिकांना न दिलेली माहिती आणि तपासणीतील ढिलाई यांचा दोष ७३७ च्या १९६४ मधील पहिल्या आराखड्यावर ढकलणे योग्य नाही. तरीही प्रश्न कोठे जन्मला, हे त्या आराखड्यावरूनच समजते.

मराठी वाचकाच्या दृष्टीने ७३७ ची एक जमेची बाजू अशी की, त्याची भारतीय बाजू समृद्ध आहे. इंडियन एअरलाइन्सने १९६४ पासून कॅराव्हेल चालवली आणि १९७० च्या अखेरीपासून ७३७-२०० घेतली. म्हणजे मागे इंजिन असलेले आणि पंखाखाली इंजिन असलेले, असे दोन्ही प्रकार एकाच कंपनीने एकाच काळात वापरले. १२ ऑक्टोबर १९७६ रोजी मुंबईहून मद्रासला निघालेल्या कॅराव्हेलच्या इंजिनातील चकती फुटून इंधनाची नळी तुटली, आग पसरली, नियंत्रणाची हायड्रॉलिक यंत्रणा निकामी झाली आणि विमानातील सर्व ९५ जण मरण पावले. २६ एप्रिल १९९३ रोजी औरंगाबादहून निघालेल्या ७३७ ने उशिरा झेप घेतली आणि धावपट्टीच्या टोकापलीकडच्या बीड रस्त्यावरून जाणाऱ्या कापसाच्या गाठींच्या ट्रकला त्याचे डावे चाक व इंजिन धडकले. ११८ पैकी ५५ जण त्यात गेले. तपासात वैमानिकाच्या चुकीबरोबरच त्या रस्त्यावरची वाहतूक उड्डाणाच्या वेळी रोखली न गेल्याचाही ठपका होता. लहान पल्ल्याच्या जेटला कोणत्या विमानतळांवर राबावे लागते, याचे हे घरचे उदाहरण आहे.

मग निवड कोणती?

विमान कंपनीचा खरेदीदार म्हणून १९६६ मध्ये निर्णय घ्यायचा असता, तर मी डीसी-९ ची मालिका ३० निवडली असती. अभ्यासासाठी मात्र माझा कौल वन-इलेव्हनला आहे. त्याचा इतिहास आटोपशीर आहे, आराखड्यापासून शेवटच्या विमानापर्यंत एका माणसाला पेलवेल इतका. आणि त्यात वायुगतिकी, इंजिनाची मर्यादा, देखभाल व बाजारपेठ हे चारही धागे सुटे दिसतात. देखभालीचा धागा हवा असेल तर १० जून १९९० ची ब्रिटिश एअरवेजची घटना पाहावी : वैमानिकासमोरच्या काचेचे ९० पैकी ८४ बोल्ट व्यासाने जेमतेम पाऊण मिलिमीटरहूनही कमी फरकाने बारीक होते, काच हवेत उडाली आणि अर्धे शरीर बाहेर फेकले गेलेला कप्तान तरीही वाचला. इंग्लंडमध्ये राहणाऱ्यांना डक्सफर्ड आणि ब्रुकलँड्स येथील संग्रहालयांत हे विमान प्रत्यक्ष पाहता येते.

ज्याला कंपन्यांच्या उदय-अस्ताची ओढ आहे, त्याने डीसी-९ घ्यावे. फक्त एमडी-८० पासून पुढचा भाग थोडक्यात आटोपावा, कारण तेथे नवे विचार कमी आणि जुन्याचे ताणणे अधिक आहे. ७३७ निवडणाऱ्याने मात्र अभ्यासाची हद्द आधीच आखून घ्यावी. अकरा हजारांहून अधिक बांधलेल्या आणि अजून बांधल्या जाणाऱ्या विमानाचा पूर्ण इतिहास लिहायला बसल्यास मॅक्सचे प्रकरण बाकी सगळे गिळून टाकते. १९६४ मधील पहिल्या आराखड्यापासून १९८८ मध्ये ७३७-२०० चे उत्पादन थांबेपर्यंतचा टप्पा घेतला, तर लुफ्तान्साचा निर्णय, इंजिनांची जागा, युनायटेडमध्ये वैमानिक संघटनेच्या आग्रहामुळे कॉकपिटमध्ये बसणारा तिसरा माणूस आणि भारतातील वापर, हे सारे त्यात सामावते. सिॲटलच्या म्युझियम ऑफ फ्लाइटमध्ये ठेवलेले पहिलेवहिले ७३७ याच टप्प्याचे आहे. ते कधी कोणत्याही विमान कंपनीकडे गेले नाही, चाचण्या संपल्यावर नासाने संशोधनासाठी वापरले.